मँचेस्टरची भावाची पाटी



यंदा जिनिंगच्या यंत्रांच्या कामासाठी हे विलायतेस गेले, तेव्हा मलाही सोबत नेले. काम आटोपले की आम्ही शहर पाहायला निघत असू. मँचेस्टरला कापसाचा जुना बाजार, रॉयल एक्स्चेंज, पाहिला. तेथील व्यवहार १९६८ साली बंद झाले. १९७६ पासून तेथे नाटकगृह आहे. पण उंच पाटीवर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. सगळे घुमट पाहत होते, मी आकडे पाहत होते.

पूर्वी यवतमाळचा कापूस शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला, पुढे मुंबईहून बोटीने विलायतेला जाई. वेचताना आमच्या आजेसासूबाईंची बोटे रक्ताळत. भाव कोठे ठरतो, हे त्यांना कधीच कळले नाही. भगिनींनो, आपल्या लेकीसुनांना वेचणीबरोबर भावाची पाटीही वाचता यावी, एवढेच माझे मागणे.