उद्योगाभिमुख गणिताचा अभ्यासक्रम



उद्योगाभिमुख गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोणते विषय अनिवार्य असावेत, याचा खल करण्यासाठी आपण धानाच्या आणि भातगिरण्यांच्या या गोंदियात जमलो, हे मला फार उचित वाटते. कारण उद्योग म्हटला की मुंबई-पुण्याकडे नजर लावण्याची जी खोड आपल्या विद्यापीठीय मंडळींना जडली आहे, ती घालविण्यास येथील एखाद्या गिरणीचे दप्तर पुरेसे आहे.

शासकीय धानाच्या भरडाईचाच व्यवहार घ्या. क्विंटलभर धानामागे साधा तांदूळ 67 किलो, उकडा असल्यास 68 किलो जमा करावा, असा उताऱ्याचा सरकारी दंडक आहे. पण धानाचा वाण, त्यातील ओलावा आणि भरडताना पडणारी कणी यांमुळे प्रत्यक्ष उतारा सतत हलत असतो. अशा वेळी किती पोत्यांतून नमुना घेतला म्हणजे सबंध ढिगाविषयीचा निष्कर्ष विश्वसनीय ठरेल, हा शुद्ध संख्याशास्त्राचा प्रश्न होय. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्माणीत नोकरीस असलेल्या गॉसेटने मोजक्या नमुन्यांवरून अनुमान कसे काढावे याची रीत 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली, तीही अशाच व्यावहारिक निकडीतून. आज ती आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, मात्र तिचा कारखान्यातील जन्म वर्गात क्वचितच सांगितला जातो. खरेदी केंद्रांवरील धान कोणत्या गिरणीस किती धाडले असता वाहतूकखर्च न्यूनतम होईल, हा तर हिचकॉकने 1941 साली मांडलेला वाहतूक-प्रश्नच आहे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचे पाणी कोणास किती द्यावे, हाही असाच वाटपाचा प्रश्न होय.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी जी 88 श्रेयांकांची चौकट आखली, तीत प्रत्यक्ष कार्यानुभवाला 4 श्रेयांक आहेत. तजवीज चांगली, परंतु शिक्क्याचे प्रमाणपत्र आणले की काम झाले, असा शिरस्ता पडल्यास हे श्रेयांक निव्वळ कागदी ठरतील. माझ्या मते, विद्यार्थ्याने गिरणीतून वा पाटबंधारे कचेरीतून एक प्रश्न स्वतः उचलून, त्याची गणिती मांडणी करून संबंधित मालकासमोर किंवा अधिकाऱ्यासमोर तिचे समर्थन केल्याखेरीज हे श्रेयांक देऊच नयेत.

याच उद्योगाच्या नावाखाली विश्लेषणाचे आणि रेषीय बीजगणिताचे तास कापून त्या जागी संगणकाच्या आज्ञावली घालण्याचा जो आग्रह हल्ली होतो, त्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. दर पाचसहा वर्षांनी बदलणारी आज्ञावली नोकरीत शिकता येते. डँटझिगची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत यंत्र क्षणात चालवील. पण 'उत्तर नाही' असे यंत्राने कळविले असता अटीच परस्परविरोधी आहेत की आपली मांडणी चुकली आहे, हे ओळखण्यास सिद्धांतच ठाऊक असावा लागतो, आणि मालक पगार देतो तो या ओळखण्याबद्दल. म्हणून विश्लेषण, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्यात्मक पद्धती आणि इष्टतमीकरण हे पाचही विषय सक्तीचे ठेवावेत; ऐच्छिकाची मुभा त्यानंतर.

या आशयाचा ठराव अधिवेशनाने संमत करून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे रवाना करावा, अशी माझी विनंती आहे. आणि गोंदियातील महाविद्यालयांनी तर त्या मंजुरीची वाटही पाहू नये: कार्यानुभवाचा काळ दुसऱ्या सत्रानंतरच्या उन्हाळी सुटीत येतो, उन्हाळी धानही त्याच सुमारास येते, तेव्हा गिरणीमालकांशी बोलणी त्यापूर्वीच करून ठेवावीत.