चाकं नाहीत, घोडी आहेत: शेळगावचा वाडा

यूट्यूबवर तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. अमेरिकेतलं एखादं निवृत्त जोडपं राहतं घर विकतं आणि आरव्ही घेतं, म्हणजे चाकावरचं घर. थंडी पडली की दक्षिणेला, उन्हाळा तापला की उत्तरेला, बारा महिने असंच. आपल्याकडच्या पोरांना त्याचं फार अप्रूप. मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा, धनगराच्या घरातला. ऋतूच्या मागं घर घेऊन फिरणं आमच्यात पिढ्यान्पिढ्या चाललंय. फक्त चाकांच्या जागी घोडी. आज त्याबद्दलच बोलू.

मी स्वतः शाळेमुळे गावात राहिलो, पण माझे चुलते, आमचे नाना, अजून वाडा घेऊन जातात. वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे हं. चार-सहा घरांची माणसं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, सगळं मिळून वाडा.

आधी हे फिरणं कशासाठी ते सांगतो. आमचा इंदापूर-बारामतीचा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सह्याद्री उतरून महाडकडे गेलात की तोच ३,०००च्या वर. पावसाळ्यात कोकणात मेंढरू टिकत नाही. सतत चिखल, मग खुरं सडतात, लोकर वाळत नाही. तेव्हा आमचा माळ बरा, पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं. दिवाळीनंतर मात्र उलटं होतं. इकडं माळ वाळतो, गवताची कुसळं लोकरीत घुसायला लागतात, रानात ज्वारी उभी असते. त्याच वेळी कोकणात भात निघालेला असतो, खाचरं रिकामी. जिथं पीक उभं तिथं मेंढरू नको, जिथं पीक निघालं तिथं हवं. एवढं साधं गणित आहे. लोक त्याला भटकणं म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. भटकणाऱ्याला कुठं जायचं ते माहीत नसतं, नानांना पुढच्या ६ महिन्यांचा मुक्काम तोंडपाठ असतो.

वाट अशी: शेळगाव, बारामती, नीरा, शिरवळ, भोर आणि मग वरंध घाटानं खाली महाडकडे. गाडीनं एका दिवसाचं काम. मेंढरांबरोबर महिना-दीड महिना लागतो, कारण मधल्या रानांत थांबत थांबत जायचं असतं. ते थांबणं हीच कमाई. शेतकरी मेंढरं 'बसवून' घेतो. रात्री वाघर, म्हणजे जाळी, लावून कळप त्याच्या वावरात कोंडायचा. लेंड्या आणि मूत थेट मातीत. दुसऱ्या रात्री जाळी थोडी सरकवायची, असं करत सगळं वावर खतावून द्यायचं. त्याचा मोबदला पूर्वी धान्यात मिळायचा, कोकणात भातात. आता बहुतेक ठिकाणी रोख.

बायकांचं काम कुणाच्या व्हिडिओत येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत येतात, पण बिऱ्हाड हलवतात त्या बायका. माझी चुलती सकाळी पाल उतरवते, पीठ, भांडी, अंथरुणं घोड्यावर लादते, वर डालग्यात कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. पुढच्या मुक्कामावर पोचून तीन दगडांची चूल मांडते, पाणी शोधते. रोज. पाच महिने पोटात वाढलेलं कोकरू नेमकं चालत्या वाटेवर बाहेर येतं, तेही तिनंच बघायचं. अलीकडं काही वाड्यांनी छोटा हत्ती घेतलाय, सामान त्यात पुढं जातं. छोट्या सोलर प्लेटवर मोबाइल चार्ज होतो. म्हणजे आमचीही आरव्ही आली म्हणा की!

परतीची खूण पालखीची. ज्येष्ठ-आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीवरून काटेवाडीला येते. तिथं पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं. मग बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण, पुढं अंथुर्णे, आमचं शेळगाव, निमगाव केतकी. वाडा तोवर घाट चढून आपल्या माळावर आलेला बरा, असा आमच्या घरचा ठोकताळा. घरी आलं म्हणजे निवांत, असंही नाही. कडबनवाडीच्या माळावर लांडगे आहेत, कोकरू उचलायला एक डुलकी पुरते. आता वन विभागानं तिथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. ज्या लांडग्यासाठी नाना रात्र जागतात, त्याला बघायला लोक पैसे देऊन येतात. चांगलंय, लांडगाही जगला पाहिजे. नानाच म्हणतात तसं.

आता मूळ मुद्दा. मी एकदा नानांना मोबाइलवर त्या आरव्हीवाल्यांचा व्हिडिओ दाखवला. आतला पलंग, गॅस, संडास सगळं त्यांनी नीट बघितलं आणि एकच विचारलं, "आरं, घर संगं न्यायचं सोप्पं हाय. ह्ये लावत्यात कुठं?"

मी शोधलं. अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइट नावाचं वाळवंटातलं छोटं गाव आहे, हिवाळ्यात तिथं आरव्हीवाल्यांची दाटी होते. शेजारच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे ७ महिने राहायचा परवाना मिळतो. शुल्क बरीच वर्षं १८० डॉलर होतं. म्हणजे फिरणाऱ्या माणसाला थांबायची जागा सरकारनं कागदावर दिलीय. नाना ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "आपल्याला आसा कागद कोण देतंय?"

आमच्या वाटेवर एकेक मुक्काम गळत चाललाय. नीरा डावा कालवा १८८५ सालचा, त्यामुळं पट्ट्यात ऊस जुनाच. उसाचं वाढं मेंढरं आवडीनं खातात, तक्रार नाही. पण उसाचं रान रिकामं होतच नाही, मग मेंढरं बसवायची कुठं? दुसरीकडं पिकावर फवारलेलं असतं, नुकतीच फवारणी झालेल्या रानात शिरून मेंढरं दगावतात. भोरच्या अलीकडं नानांचं वर्षानुवर्षांचं एक वावर होतं. गेल्या दिवाळीनंतर वाडा तिथं पोचला तर प्लॉट पाडून तारेचं कुंपण घातलेलं. मालकाचा मुलगा भला माणूस, पाणी दिलं, चहा दिला. पण जागा नव्हती. त्या रात्री १४० मेंढरं रस्त्याच्या कडेला. आणि रस्ता तरी पूर्वीचा कुठं राहिलाय? आमचा पालखी मार्गच चौपदरी झालाय, मध्ये दुभाजक. कळप पलीकडं न्यायचा तर दोन माणसं लाल फडकं घेऊन उभी करावी लागतात.

सरकारला याची थोडी जाणीव आहे. भटकंती करणाऱ्या मेंढपाळांना जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांसाठी महिना ६,००० रुपये चराई अनुदानाची योजना निघाली. मदत चांगलीच आहे. पण पैशानं चारा विकत मिळेल, मुक्काम नाही मिळत. वाड्याला हवीय ती गावागावांत रात्रीपुरती ठरलेली गायरानाची एक पट्टी आणि पाणी.

नानांचा धाकटा मुलगा विचारतोय की कळप विकून टेम्पो घ्यावा का. त्याचं लग्न ठरत नाहीय, हेही त्यामागं आहे. फिरत्या वाड्यात मुलगी द्यायला आता धनगरही कचरतात. चुलतीचं म्हणणं, अर्धी मेंढरं ठेवू, बंदिस्त पाळू. नाना म्हणतात, दख्खनी मेंढरू कोंडून ठेवलं तर खाईल जास्त आणि देईल कमी. घरात यावर रोज वाद. मला विचारलं तर मी नानांच्या बाजूचा, पण घोडी लादायला मी जात नाही, तेव्हा माझ्या मताला तेवढीच किंमत.

सध्या ठरलंय ते असं: या दिवाळीनंतर वाडा निघणार. भोरच्या अलीकडं नवा मुक्काम शोधायला नाना आणि धाकटा पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवर जाणार आहेत. त्या भागात कुणाचं वावर दिवाळीनंतर रिकामं होत असेल आणि मेंढरं बसवून घ्यायची असतील, तर मला कळवा. ८-१० रात्रींचा प्रश्न आहे. पाणी जवळ असलं म्हणजे झालं.