यंदा कोणती कादंबरी वाचायची?
दरवर्षी गाजलेल्या कादंबऱ्यांची नावं कानावर येतात. माझे डोळे मात्र रात्री दहा पानांतच थकतात. वर्षाला चार-पाच पुस्तकं होतात, त्यामुळे निवड जपून करावी लागते. पुरस्कार म्हणजे जामीनदाराची सही; पण शेत पाहिल्याशिवाय आम्ही पीककर्ज देत नसू! म्हणून दुकानात मधलंच पान उघडून वाचतो. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला. धरणाने उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस. जायकवाडीत शिवार गेलेली माणसं मी काउंटरपलीकडे पाहिलेली. लगेच घेतली. आता सोसायटीच्या कपाटात ठेवलीय. कृपया पानं दुमडू नका.