ठाणे बंदरावरील चार साक्षीदार
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



कागलच्या या पंचतारांकित वसाहतीतील आपणांपैकी कित्येकजण पहिली पाळी संपवून, भट्टीची धग अंगावर घेऊनच येथे आलेले आहेत. तेव्हा मी आपणांस फार वेळ बसवून ठेवणार नाही. महोत्सव समितीने मला रक्तसाक्षींविषयी बोलावयास सांगितले आहे. त्यासाठी रोमच्या भुयारांत उतरण्याचे कारण नाही. आपले नातलग ज्या ठाण्याच्या स्टेशनावरून रोज ये-जा करतात, त्या ठाण्यातच सातशे वर्षांपूर्वी चार ख्रिस्ती संन्याशांचा खून झाला, त्याचा तपास झाला, आणि त्या तपासाची हकीकत आजही वाचावयास मिळते.

ते ठाणे आजचे नव्हे. ज्या शिलाहारांचे एक घराणे आपल्या कोल्हापुरावर व पन्हाळ्यावर राज्य करीत होते, त्यांच्याच दुसऱ्या शाखेची ठाणे ही राजधानी होती. खाडीकाठचे हे बंदर इराण-अरबस्थानाशी व्यापार करी; पण त्या व्यापाराला एक झाकलेली बाजूही होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने नमूद केले आहे की, येथील राजाचा चाच्यांशी करार होता. लुटीचा इतर माल चाच्यांचा, आणि जहाजावर सापडतील ते घोडे राजाचे! ज्या बंदराचा धनीच लुटीचा वाटेकरी, तेथे पाहिलेले न पाहिल्यासारखे करावयाची लोकांस सवय लागली असेल, तर त्यात नवल ते काय? पुढे तेथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल आला, सुभेदार आला, काझी आला.

१३२१ साली या बंदरात पाच परदेशी उतरले. तोलेंतिनोचा वृद्ध थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व जॉर्जियातील तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे फ्रान्सिसकन. त्यांपैकी दिमित्री हा दीक्षित गुरू नसून बंधू होता, आणि त्याला भाषा येत असल्यामुळे तो दुभाष्याचे काम करी. पाचवा जॉर्डन हा फ्रेंच डोमिनिकन. त्यांना जावयाचे होते दक्षिणेस कोल्लमला, परंतु जहाजाने त्यांना ठाण्यास आणून सोडले. गावात पूर्वेकडील सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी या पाहुण्यांची सोय झाली. जॉर्डनला फारसी येत असल्याने त्याला सोपारा व भडोचकडे बोलावणे आले, व तो निघून गेला. चौघे मागे राहिले.

आता ज्या गोष्टीपासून सारे अरिष्ट ओढवले, ती पाहा. धर्मवाद नव्हे, राजकारण नव्हे. यजमान नवरा-बायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती स्त्री उठून काझीकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा काय, असे काझीने विचारताच ती म्हणाली की, माझ्या घरी उतरलेल्या चार धर्मगुरूंनी हे पाहिले आहे. त्या वेळी तेथे आलेक्झांड्रियाचा युसुफ नावाचा मनुष्य होता. हे लोक मोठे विद्वान आहेत, त्यांस बोलवावे, असे त्याने काझीस सुचविले. पीटर सामान राखण्यास घरी राहिला; बाकीचे तिघे साक्षीस गेले.

येथे क्षणभर थांबून स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करतो. तरुणपणी एका गावी साहाय्यक धर्मगुरू असताना माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहत असे. रात्री कानावर काय येई, ते सांगावयास नको. एके दिवशी ती बाई दारात येऊन म्हणाली, "फादर, तुम्ही ऐकता ना? पंचांसमोर एवढंच सांगा." मी तिला प्रार्थना करावयास सांगितले. नवरा चर्चच्या कामात पुढे असे, आणि मला गाव दुखवावयाचे नव्हते. पंच बसले त्या दिवशी मी तालुक्याच्या गावी काम काढले. ती बाई माहेरी गेली, ती परत आली नाही. थॉमसची हकीकत वाचताना मला त्याच्या मरणाच्या आधी त्याचा काझीच्या दारापर्यंतचा तो लहानसा प्रवास आठवतो. परका देश, भाषा दुभाष्याची, मारणारा तर अन्नदाता यजमान. तरीही ते गेले.

काझीसमोर मारहाणीचा विषय मागे पडला. विद्वान आले म्हणून वाद सुरू झाला. प्रथम ख्रिस्ताविषयी, नंतर इस्लामच्या प्रेषिताविषयी. थॉमसने दिलेले उत्तर कठोर होते. ते शब्द मी येथे उच्चारीत नाही; आपण शेजारी-शेजारी राहणारी माणसे आहोत, आणि या वसाहतीत एकाच यंत्रावर हात ठेवून काम करतो. जमाव खवळला. तिघांना भर उन्हात उघड्या डोक्याने उभे केले. पुढे जेम्सला अग्नीत घातले असता तो सुखरूप बाहेर आला, असे वृत्तांतात म्हटले आहे. तेव्हा सुभेदाराने त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत पोहोचविले, व तेथे एका मूर्तिपूजक गृहस्थाने, म्हणजे आपल्या हिंदू बांधवाने, त्यांना आसरा दिला. परंतु काझीने सुभेदाराचे मन फिरविले. रात्री चार हत्यारबंद माणसे निघाली. तुम्ही सज्जन आहात, पण आम्ही हुकूम न पाळला तर आमची बायकामुले मारली जातील, असे त्यांनी त्या संन्याशांना सांगितले आणि त्यांना ठार केले. तो झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार होता, ९ एप्रिल. दोन दिवसांनी घरी राहिलेल्या पीटरलाही पकडून मारण्यात आले.

हे सारे आपणांस कसे कळले? खून करणाऱ्यांनी काही लिहून ठेवले नाही. अटकेची बातमी कानी येताच जॉर्डन वाटेतूनच परतला. तो पोहोचला तेव्हा त्याचे सोबती मेलेले होते. एका जिनोवाच्या तरुणाच्या मदतीने त्याने ती प्रेते सोपाऱ्यास नेऊन चर्चमध्ये पुरली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इराणातील दोन्ही संघांच्या बंधूंस पत्र लिहिले. हा पहिला पुरावा. घटनेला सहा महिने झालेले, लिहिणारा एकटा आणि शोकाकुल. दुसरा पुरावा फ्रिउलीच्या ओदोरिकाचा. तो फ्रान्सिसकन थोड्याच काळाने ठाण्यास आला. त्याने सर्व हकीकत सविस्तर सांगितली खरी, पण ती १३३० साली पादुआत, तोंडी, दुसऱ्याच्या लेखणीने. अग्नीचा प्रसंग, खुन्यांचे बोलणे हा तपशील आपण त्याच्याच मुखाने ऐकतो. आम्हांस गुरुविद्यालयात शिकविले जाई की, चमत्कार ऐकताना गुडघे टेकावे, पण साक्षीदार कोण हे आधी विचारावे. मी अजूनही तसेच करतो. गुरुवारची रात्र, मागे उरलेली प्रेते, सोपाऱ्याची कबर, हे माझ्या मते पक्के आहे.

ओदोरिक पुढे सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. हातात तलवारी घेतलेले ते चौघे सुभेदाराला स्वप्नात दिसू लागले. भयाने त्याने त्यांच्या नावे चार प्रार्थनास्थळे बांधविली आणि तेथे मुसलमान सेवेकरी नेमले. मग वार्ता दिल्लीस पोहोचली. तेथे त्या वेळी घियासुद्दीन तुघलकाचे राज्य होते. सुलतानाने सुभेदारास बोलावून विचारले की, ज्यांना देवाने वाचविले त्यांना मारण्याचा तुला अधिकार काय? आणि त्याला देहदंड दिला. काझी देश सोडून पळाला. म्हणजे ख्रिस्ती संन्याशांच्या खुनाचा न्याय, या वृत्तांताप्रमाणे, मुसलमान बादशहाने केला. ही गोष्ट सांगताना कोणी ही ओळ गाळली, तर त्याला टोकावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

अस्थींचाही प्रवास झाला. ओदोरिकाने त्या सोपाऱ्याहून उचलल्या व चीनकडे निघाला. जहाजावर मृतांची हाडे असू नयेत म्हणून खलाशी कसून झडती घेत; सापडल्यास समुद्रात फेकीत. त्या झडतीतून निभावून त्याने त्या चीनमधील झैतून बंदरातील आपल्या बंधूंच्या स्वाधीन केल्या. जॉर्डनला १३२९ साली पोप २२ वे योहान यांनी कोल्लमचा बिशप नेमले. थॉमसला पोप १३ वे लिओ यांच्या कारकिर्दीत, १८९४ साली, धन्यवादित म्हणून मान्यता मिळाली.

एवढे सारे झाले. बादशहाने चौकशी केली, पोपने मान्यता दिली. ज्या स्त्रीने फिर्याद केली होती, तिचे नाव मात्र ओदोरिकाच्या वृत्तांतात नाही, आणि तिच्या फिर्यादीचा निकालही नाही.

आता अल्पोपाहार आहे. तो आटोपल्यावर मी वाचनालयाच्या खोलीत साडेनऊपर्यंत एकटा बसलेला असेन. रात्रपाळीच्या भगिनींना उद्या सकाळी सातनंतर यावयाचे असल्यास तेव्हाही दार उघडे असेल.