पाठीवरचे बिऱ्हाड आणि परकी भाषा



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते बहुधा कुणाला तरी हिणवण्यासाठी. ज्याला घर ना दार, त्याचे ते वर्णन. आता मात्र खाऊन-पिऊन सुखी असलेली नवरा-बायको तेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात, स्पॅनिश भाषा शिकतात आणि दक्षिण अमेरिकेतले डोंगर चढून येतात. माझ्या ओळखीचे असे एक तरुण जोडपे नुकतेच पेरू आणि अर्जेंटिना हिंडून आले. त्यांच्याशी दोन संध्याकाळी बोललो आणि हा विषय समितीकडे मागून घेतला. जिनिंगमधल्या हमालांची संघटना बांधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने असल्या हौशी प्रवासावर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु ओझे पाठीवर घेऊन चालणे हा तर आमच्या धंद्याचाच विषय आहे.

शिवाय स्पॅनिश भाषेच्या मुलखात पाठीवर बिऱ्हाड घेऊन पोचलेला पहिल्या पिढीतला एक माणूस आपल्या वर्ध्याचाच. पांडुरंग सदाशिव खानखोजे. बालपण आणि प्राथमिक शिक्षण वर्ध्यात, पुढचे नागपुरास. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले. अमेरिकेत पोर्टलंडच्या बाजूला लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर होते, त्यांच्यात त्यांनी स्वातंत्र्याची संघटना उभी केली. शेतकीचे शिक्षण घेतले, १९१३ साली पदवी मिळवली. गदर पक्षात ते होतेच. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरांत टोळीवाल्यांबरोबर इंग्रजांशी लढले, पकडले गेले आणि निसटलेही. १९२१ साली मॉस्को, आणि १९२४ साली मेक्सिको. यातला प्रत्येक मुक्काम एकेका व्याख्यानाचा विषय आहे. आज मला फक्त शेवटच्या मुक्कामाशी काम आहे.

मायदेशी यायला इंग्रजांची बंदी. वय चाळिशीच्या आसपास. त्या वयात हा वर्ध्याचा माणूस चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला. शिकवायचे ते स्पॅनिशमध्ये. मका तर मेक्सिकोच्या माणसाचे जीवनच. त्या मक्याचा आणि तेओसिंते नावाच्या त्याच्या रानटी भाऊबंदाचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. मक्याच्या नव्या जातींवर स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिली. गरीब शेतकऱ्यांसाठी शेतकीच्या मोफत शाळा उघडल्या आणि त्यांना शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता याचे नाव दिले. आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला शास्त्र सांगायला कुणी परदेशी माणूस खेड्यात आला आणि वऱ्हाडीत बोलू लागला, तर कसे वाटेल? तसेच तिथे झाले असणार. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आपली भाकरी' या अर्थाचे चित्र काढले आहे. त्यात मेजाशी बसून भाकरी मोडून वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे!

१९३६ साली त्यांनी मेक्सिकोत विवाह केला तो बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी. त्याच साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. इकडे आपण मद्रासच्या माणसाला हिंदी कशी शिकवावी या विवंचनेत होतो, आणि तिकडे वर्ध्याचा मुलगा बेल्जियमच्या मुलीबरोबर स्पॅनिश मुलखात संसार मांडीत होता. चापिंगोच्या पलीकडे पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल हे दोन ज्वालामुखी उभे आहेत, ५,४२६ आणि ५,२३० मीटर उंचीचे. तिथले लोक त्यांनाही जोडपेच मानतात. एक योद्धा, आणि पांढरी चादर पांघरून निजलेली त्याची प्रिया. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. खुद्द चापिंगोचे सपाट पठारच कळसूबाईच्या वर आहे.

आता त्या भाषेविषयी. आमचे जोडपे सांगत होते की मराठी माणसाला स्पॅनिश फार जड जात नाही. त, द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून. 'आब्लो' म्हटले की झाले, 'मी' वेगळा म्हणायला नको. आपण नाही का नुसते 'येतो' म्हणत? वस्तूंना लिंग असते, तेही आपल्याला नवे नाही. आणि गंमत म्हणजे त्यांचा 'तू' आपल्यासारखाच 'तू'. मान द्यायचा तर 'उस्तेद', म्हणजे तुम्ही किंवा आपण.

इथे मी त्यांना थांबवले आणि विचारले, तुमचे सामान वाहणाऱ्याला तुम्ही काय म्हणालात? तू की उस्तेद?

मंडळी, पेरूत माचू पिच्चूला जाणारी इंका लोकांची जुनी डोंगरवाट आहे. हौशी प्रवासी आपली लहानशी पिशवी घेऊन चालतो. तंबू, भांडी, शिधा आणि चुलीचा गॅस हे सारे हमालाच्या पाठीवर. प्रवासी धापा टाकीत मुक्कामाला पोचतो, तोवर हमालाने पुढे जाऊन तंबू ठोकलेला असतो आणि पाणी उकळत ठेवलेले असते. कुणाला किती वजन द्यावे याला धरबंद नव्हता. मग २००१ साली तिथे हमालांसाठी कायदा झाला: एका पाठीवर वीस किलोंहून अधिक नको. वाटेच्या तोंडाशी काटा लावून गाठोडे तोलतात. हे ऐकून मला काय वाटले असेल ते माझ्या हमालबांधवांना सांगायला नको. रुईची एक गाठ १७० किलोंची. शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणायला महाराष्ट्रातल्या हमालांना किती वर्षे झगडावे लागले! १९६९ सालचा माथाडी कायदा तरी फुकट मिळाला काय? आणि कायदा झाला म्हणून वजन आपोआप उतरत नाही. काट्यापर्यंत एकाच्या पाठीवर आणि काट्यापुढे दुसऱ्याच्या, या युक्त्या आपल्याकडच्या मालकांनाच सुचतात असे कुणी समजू नये.

जोडप्याने मला सांगितले की ते उस्तेदच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांना कळले की हमालाची मायबोली स्पॅनिश नव्हेच, ती केचुआ. स्पॅनिश ही त्याच्याही दृष्टीने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आलेल्या धन्याची भाषा. तेव्हा बाईंनी त्याच्याकडून केचुआतले पाच-सात शब्द घेतले आणि बदल्यात मराठीतले दिले. मला त्यांच्या सगळ्या प्रवासात हा भाग सर्वांत आवडला.

डोंगराचे वर्णन मी काय करणार? अर्जेंटिनातला अकोंकाग्वा ६,९६१ मीटर उंच, आशियाबाहेर त्याहून उंच पर्वत नाही. माथ्यावर हवा इतकी विरळ की एका श्वासात इथल्या निम्म्यानेही प्राणवायू मिळत नाही. म्हणून दिवसा वर चढून ओझे ठेवायचे आणि रात्री खाली येऊन झोपायचे, असे करीत शरीराला सवय लावतात. ४,३०० मीटरांवरच्या तळाचे नावच मुळी 'प्लासा दे मुलास', म्हणजे खेचरांचा चौक. तिथवर सामान खेचरे नेतात. त्यापुढे बाई माथ्यापर्यंत गेल्या, गृहस्थ अलीकडूनच परतले. ते त्यांनी हसत सांगितले, याचे मला कौतुक वाटले.

खानखोजे पतिपत्नी स्वातंत्र्यानंतर नागपुरास आली. स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारनेही त्यांना प्रथम परवाना नाकारला होता, कारण इंग्रजांची काळी यादी कुणी पुसलीच नव्हती. २२ जानेवारी १९६७ रोजी ते वारले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

वीणा गवाणकरांनी त्यांचे मराठीत चरित्र लिहिले आहे, आणि त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. समितीला माझी विनंती आहे की आजच्या सभेच्या पेटीत जे जमेल त्यातून ही दोन्ही पुस्तके आपल्या वाचनालयासाठी घ्यावीत, मराठी पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, आणि वाचनालय आठवड्यातून निदान दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. जिनिंगची पाळी सुटायला आठ वाजतात.