मेंदूतली डीपी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर बोल, पोरांना नोकऱ्यांचं सांग. मी विषय बदलून घेतला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आता सत्तरीपुढे आहेत. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे हे गावात माहीत आहे, त्यामुळे अमडापुरातून मला फोन येतात ते नोकरीसाठी नाही, तर "माय काहीच्या काही बोलते, काय करावं?" म्हणून.

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. वाचून समजलं तेवढं सांगते.

विज्ञानात पेशीची आकृती काढायचो, आठवते? त्यातली तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे 20 टक्के. ती पुरवते तंतुकणिका. तिला शिवारातली डीपी समजा. डीपी बिघडली की वीज कमी येते आणि वर ठिणग्याही उडतात. तंतुकणिका बिघडली की ऊर्जा घटते आणि पेशीला इजा करणारे रेणू वाढतात. ते तिच्या स्वतःच्या डीएनएलाही सोडत नाहीत. हो, तिला वेगळा डीएनए असतो, फक्त 37 जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. (म्हणून हा आजार आईकडूनच येतो असं नाही, माझ्या भावाला हे दोनदा सांगावं लागलं.)

निरोगी पेशी जळालेली डीपी ओळखून मोडीत काढते. पिंक-वन आणि पार्किन नावाची प्रथिनं तिच्यावर खूण करतात. वय वाढलं की ही साफसफाई मंदावते. कातडीची पेशी मेली तर नवी येते. मेंदूच्या बहुतेक पेशी मात्र जन्मभर त्याच.

अल्झायमर यांनी 1906 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांकडे. 2004 मध्ये स्वर्डलो आणि खान या शास्त्रज्ञांनी मांडलं की उतारवयातल्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये आधी तंतुकणिका बिघडत असाव्यात, साचणं नंतरचं. वाद मिटलेला नाही. मला मात्र हा विचार पटतो, कारण आमच्या धंद्यात एरर दिसते एकीकडे आणि बिघाड निघतो दुसरीकडे.

आता पैशाचं बोलते. 'पेशींना ऊर्जा देणारी' महागडी पावडर घेऊ का, असं मला चौघांनी विचारलं. घेऊ नका. को-एन्झाइम क्यू-टेन हे याच तत्त्वावरचं औषध पार्किन्सनच्या रुग्णांवर मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. 2014 मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. त्यापेक्षा मायचं बी-12 आणि थायरॉइड तपासा. त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. बीपी, शुगर आवरा. कानाने कमी ऐकू येत असेल तर मशीन घेऊन द्या.

देशातल्या पाहणीनुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. बायकांत आणि खेड्यांत जास्त. लहानपणी शाळा न मिळणं हेही धोक्याचं एक कारण मानतात. आपल्या किती माया शाळेत गेल्या होत्या?

तेव्हा "म्हातारचळ लागला" म्हणून तिला हसू नका, रागावू नका. जेवणानंतर मी मागच्या वर्गात बसते. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी या, जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या.