कोपऱ्यावरच्या पोराचं डोकं

आज विषय घेतलाय बर्फावरच्या हॉकीचा, पण सांगतोय ते कोलशेत, बाळकुम, ढोकाळीच्या कबड्डीवाल्यांना. तेव्हा ‘आपल्याकडे बर्फ लागतो तो मासळीला’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. दहा मिनिटं मिळाली आहेत, आणि सांगायची गोष्ट एकच आहे. ती मी पुन्हापुन्हा सांगणार आहे.

अमेरिका-कॅनडात एनएचएल नावाची धंदेवाईक लीग आहे. तिथे बहुतेक संघांत एक ठरलेला गडी असायचा. त्याला म्हणायचे एन्फोर्सर. गोल करणं हे त्याचं काम नव्हे. आपल्या हुकमी खेळाडूला समोरच्यानं मुद्दाम आडवं केलं, की यानं हातमोजे खाली टाकायचे आणि मुठी आवळून भिडायचं. पंच लगेच मध्ये पडत नाहीत. एकजण खाली गेला की सोडवतात, दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि खेळ पुढे चालू. वेन ग्रेट्झकीचे विक्रम जगाला पाठ आहेत, पण एडमंटनच्या संघात त्याच्या अंगाला कुणी हात लावू नये म्हणून डेव्ह सेमेंको उभा असायचा, हे किती जणांना माहीत? १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजलिसला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसोर्ली हा दुसरा राखणदारही सोबत गेला. आपल्या रक्ताचा माणूसही यात होता बरं का. रॉबिन बावा, कॅनडात जन्मलेला पंजाबी. १९८९ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून. खेळ त्याचाही अंगावर घेण्याचाच.

आता आपल्या कोलशेतच्या रेतीबंदरावर या. होडीच्या अंगाला जुने टायर टांगलेले असतात. होडी धक्क्याला लागते तेव्हा दणका कोण खातं? टायर. होडीची फळी शाबूत राहते. नारळी पुनवेला होडीला रंग लागतो, हार चढतो, हळदकुंकू वाहतात. टायरला कुणी बोट लावत नाही. आणि टायर वरून तसाच काळा, तसाच गोल दिसतो. आतले धागे कधी तुटले ते कळतच नाही. एक दिवस फाटतो. मग दोरी कापायची, दुसरा टायर बांधायचा. होडी तीच, मालक तोच.

डेरेक बूगार्ड या एन्फोर्सरचं हेच झालं. कॅनडातल्या सास्काटूनचा पोरगा, बाप पोलिसात. उंची साडेसहा फुटांच्या वर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. मिनेसोटानं त्याला घेतला तो मुठींसाठी. लीगमध्ये २७७ सामने खेळला, गोल किती केले? तीन! दुसऱ्या गोलनंतर तिसरा व्हायला २३४ सामने गेले. तरी २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याच्याशी चार वर्षांचा, ६५ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे पैसा मिळत नव्हता असं नाही. प्रेक्षक तर त्याच्या नावानं घसा फोडायचे. हाताची बोटं सुजलेली, पाठ धरलेली, खांदा दुखावलेला, त्यावर वेदनाशामक गोळ्या, आणि पुढे त्या गोळ्यांचंच व्यसन. डिसेंबर २०१० मध्ये ओटावाविरुद्ध शेवटची मारामारी झाली. डोक्याला मार बसला आणि तो परत कधी खेळला नाही. १३ मे २०११ ला गेला, दारू आणि गोळ्या एकत्र झाल्यानं. वय २८. घरच्यांनी मेंदू तपासणीला दिला. बोस्टन विद्यापीठात पाहिलं, तर वारंवार मार खाऊन मेंदूला जो आजार जडतो तो त्याला झालेला होता. हा आजार आजही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्का कळतो. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन दांडगे गेले. एकाचं वय २७, दुसऱ्याचं ३५. या दोघांच्या मरणामागे नेमकं काय होतं यात मी शिरत नाही. पण ज्यांनी संघासाठी दणके खाल्ले, त्यांच्या डोक्याची विचारपूस कुणी केली होती का, हा प्रश्न तरी पडतो ना?

तुम्ही म्हणाल, कबड्डीत कुठे मुठी चालतात? नाही चालत. पण कोपरा घ्या. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो आणि कोपऱ्यावरचा पोरगा घोट्यावर झेप घेतो. त्याचं डोकं तेव्हा कुठे असतं? समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर! गुडघा कपाळावर, टाच कानशिलावर. वरून साखळीतले दोघं अंगावर कोसळतात, त्यात आपल्याच माणसाचं कोपर लागतं. मॅट आली म्हणून खरचटणं कमी झालं, डोकं आपटायचं थांबलं नाही. आपल्या कल्याणचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यावरूनच भारताच्या संघापर्यंत गेला, २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत खेळला. २०२३ मध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात इराणच्या फझल अत्राचलीसारख्या कोपऱ्याला कोटीच्या वर बोली लागली. चांगलं आहे, कोपऱ्याला भाव आला. पण म्हणूनच गल्लीतला प्रत्येक दांडगा पोरगा आता कोपरा मागतोय. भाव आला, काळजी आली नाही.

आपल्या रात्रीच्या सामन्यांत काय होतं? पोरगा पडतो, दोन क्षण उठत नाही. कुणीतरी बाटली घेऊन धावतं, तोंडावर पाणी मारतं, मानेवर स्प्रे. पोरगा म्हणतो, ‘काही नाही रे, खेळतो.’ आणि माईकवरून आवाज येतो, ‘वाघ आहे वाघ!’ टाळ्या. अहो, तो नाही म्हणेलच कसा? न बोलता दणका खाणं हेच त्याचं काम, असं आपणच त्याला शिकवलंय. टायर कधी बोलतो का?

म्हणून सांगतो, नीट ऐका. डोक्याला मार बसल्याची शंका आली की बाहेर. त्या दिवशी परत मॅटवर नाही. हा माझा हट्ट नव्हे, जगभरच्या क्रीडावैद्यांनी घालून दिलेला नियम आहे. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. पोरगा उभा आहे, बोलतोय, तरी मेंदूला मार लागलेला असू शकतो. त्याला विचारा, समोर संघ कुठला आहे? शेवटची चढाई कुणी केली? पहिला डाव चालू आहे का दुसरा? अडखळला, तोच प्रश्न परत विचारायला लागला, तोल जातोय, दिवे डोळ्यांना टोचतात म्हणाला, तर संपलं. आणि उत्तरं बरोबर दिली म्हणून सुटलात असंही नाही. तुम्हाला शंका आहे ना? मग बाहेर. उलटी झाली, डोकेदुखी वाढत चालली, गुंगी यायला लागली, तर चषक-बिषक राहू द्या, सरळ कळव्याच्या रुग्णालयात न्या. घरी पाठवून ‘झोप जरा’ म्हणू नका. आणि पुन्हा खेळवायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू.

आयांनाही सांगतो. पोरगा सामन्याहून आला, जेवत नाही, चिडचिड करतोय, अंधारात पडून राहतोय, तर ‘हरला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. विचारा, डोक्याला लागलं का?

प्रशिक्षकांनो, राखीव गडी बाकावर कशाला बसवता? शोभेला? कोपरा बाहेर काढला तर सामना हातचा जाईल, कबूल. मंडळाचे लोक चार दिवस तोंड वाकडं करतील, तेही कबूल. पण पोरगा विशीतला आहे, त्याला त्या डोक्यानं पुढं चाळीस वर्षं नोकरी-धंदा करायचाय, घर चालवायचंय. होडीला दुसरा टायर बांधता येतो. पोराच्या घरी दुसरा पोरगा टांगता येतो का?

खरं तर यातली सगळ्यात अवघड जागा मला नीट सांगायची होती. तीनच गडी उरलेले असतात, पकड झाली तर एक गुण जास्तीचा मिळणार असतो आणि नेमका तेव्हाच कोपरा जायबंदी... पण काचेपलीकडून हात वर झालाय, वेळ संपली. पंचांनी यात काय करावं तेही राहिलंच. मंडळात आपापसात बोला त्यावर, येत्या मोसमाआधी बोला. आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं तेवढं घोकून ठेवा : शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत नाही.